नवसागराचा वास

"सर, माझी पुडी परत मिळंल का?"

मी मान वर केली नाही. एप्रिलची दुपार होती, डोक्यावरचा पंखा नुसता कुरकुरत होता आणि अकरावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेतल्या शेवटच्या बॅचची गुणयादी पाच वाजेपर्यंत उपप्राचार्यांच्या टेबलावर पोचवायची होती. दारात कोण आहे ते आवाजावरूनच कळलं. पद्मिनी जावीर. माझ्या प्रयोगशाळेत वर्षभर सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारी आणि म्हणूनच, खरं सांगायचं तर, मला सगळ्यात नकोशी वाटणारी मुलगी.

"कसली पुडी?"

"परवाच्या परीक्षेची. सॉल्टची. निम्मी उरली होती, लॅबच्या शिदूमामांनी जमा करून घेतली."

"परीक्षा संपली. आता पुडीचं काय लोणचं घालणार आहेस?"

"न्हाई सर. बाकीच्या दहाजणांचं अमोनियम क्लोराइड आलंय. माझं एकटीचं झिंक सल्फेट. मी कुठं चुकले ते बघायचंय."

आता मी मान वर केली. गुण वाढवून मागणारी मुलं मला माहीत होती. रडणारी, काकाला घेऊन येणारी, आजोबांना कधी नव्हे तो हार्टचा त्रास झाल्याचं सांगणारी. चूक बघायला मागणारं कुणी तोवर आलं नव्हतं.

ह्याला आता एकोणतीस वर्षं झाली. आटपाडीच्या बाजूला एका गावात आमचं ज्युनियर कॉलेज होतं. मी साताऱ्याहून तिथे रसायनशास्त्र शिकवायला गेलो, तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि आपण फार उत्तम शिकवतो अशी माझी पक्की समजूत होती. माझ्या मुलांच्या जर्नल तालुक्यात नावाजलेल्या होत्या. पानांवर खाडाखोड सहसा नाहीच. प्रयोगाच्या आधी मी फळ्यावर तक्ता काढून द्यायचो: काय करायचं, काय दिसेल, त्यावरून काय ठरेल. मुलं तो उतरवून घ्यायची, मग प्रयोग करायची. कधीकधी वेळ नसला तर प्रयोग राहून जायचा, पण तक्ता कधी राहिला नाही.

सॉल्टची परीक्षा म्हणजे सोपं कोडं. मुलाला एक पांढरी पूड पुडीत बांधून द्यायची. त्यानं ती तापवायची, विरघळवायची, तिच्यात वेगवेगळी रसायनं घालायची आणि शेवटी ती कशाची आहे ते दोन शब्दांत लिहायचं. तीस गुणांत पंधरा या कोड्याचे. तपासायची पद्धत माझीच होती आणि तिचा मला अभिमान होता. आधी शेवटची ओळ बघायची. नाव बरोबर असेल तर वरच्या तक्त्यावर नजर फिरवून गुण द्यायचे. नाव चुकलं की वरचं वाचायचंच नाही, शून्य. शंभर पेपर दीड तासात हातावेगळे व्हायचे.

पद्मिनीचं नाव चुकलं होतं, म्हणजे शून्य. बाकीच्या भागात तिला आठ होते. पास व्हायला बारा लागत होते. आणि तिच्या बाबतीत नापास होणं साधं नव्हतं. दहावीला तिला दोन टक्के कमी पडले होते. उपप्राचार्य बाबर सरांनी तिला सायन्सला घेतलं ते लेखी अटीवर: अकरावीत एका जरी विषयात गचकली तर मुकाट्यानं आर्ट्सला जायचं. तो कागद तिच्या आईच्या अंगठ्यासह बाबर सरांच्या कपाटात होता आणि बाबर सर कागद विसरणारे गृहस्थ नव्हते. ते इतिहास शिकवायचे.

"तुला माहीत आहे ना, नापास झालीस तर काय होईल?" मी विचारलं.

"हो सर. म्हणून तर म्हणलं, जायच्या आधी बघून घ्यावं. आर्ट्सला परीक्षानळी कुठं मिळती?"

ती हे अगदी सरळपणे म्हणाली. मी उठलो. जमा पुड्या खिडकीपाशी बशीत पडल्या होत्या. तिची सापडली, कोपऱ्यावर अकरा नंबर.

"हे बघ," मी म्हणालो, "अमोनियम क्लोराइड ओळखायला काहीच लागत नाही. चिमूटभर घ्यायचं, कॉस्टिक सोड्याचं पाणी घालून तापवायचं. डोळ्यांत पाणी येईल असा वास सुटतो. तुला आला नाही?"

"न्हाई आला. तीनदा तापवलं."

"सर्दी असेल."

"सर्दी नव्हती."

"मग नीट तापवलं नसशील. ये इकडे."

मी स्पिरिटचा दिवा लावला. तिनं नळी धरली, मी सोड्याचं पाणी ओतलं. हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हटलं, आत्ता नाकात जाईल आणि गप्प बसेल. नळी उकळायला लागली. मी तोंडापाशी हात हलवून वाफ नाकाकडे ओढली. काही नाही. अजून तापवलं. मग सगळा शिष्टाचार सोडून नळीच्या तोंडाशी नाक नेलं. नुसती गरम पाण्याची वाफ.

"आला का सर?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता त्यात, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

 मी लाल लिटमसचा कागद ओला करून वाफेत धरला. तो निळा व्हायला हवा होता, लालच राहिला. मला आठवतंय, घाम फुटला होता, आणि त्याच वेळी आत कुठंतरी गुदगुल्या झाल्यासारखंही वाटत होतं. कॉलेज सोडल्यापासून मी एकही प्रयोग असा केला नव्हता, ज्यात पुढे काय होणार ते मला माहीत नाही.

"तू काय काय केलंस ते सांग. पहिल्यापासून."

ती सांगू लागली. कोळशाच्या तुकड्यात खळगा करून त्यात पूड ठेवली, धुण्याच्या सोड्याबरोबर फुंकणीनं तापवली. "गरम असताना पिवळी झाली सर. गार झाल्यावर परत पांढरी. मला वाटलं डोळ्याला भास झाला, म्हणून परत केलं. परत पिवळी, परत पांढरी. लई भारी दिसतंय सर ते."

आम्ही केलं. तापल्यावर पिवळी, निवल्यावर पांढरी. झिंकची खूण. मग बेरियम क्लोराइड घातलं, दह्यासारखा पांढरा साका खाली बसला आणि ॲसिड ओतलं तरी विरघळला नाही. सल्फेट. संशयाला जागाच उरली नाही. अकरा नंबरच्या पुडीत झिंक सल्फेट होतं.

"म्हंजे माझं बरोबर हाय?"

"तुझ्या पुडीपुरतं."

मी पहिल्या नंबरची पुडी उघडली. तीही झिंक. दुसरी, पाचवी, नववी. सगळ्या पुड्यांत झिंक. दिव्याशेजारी नळ्यांची रांग लागली आणि पद्मिनी एकेक धुऊन माझ्या हातात देत होती. पाच कधीच वाजून गेले होते.

मग मी बाकीच्या दहा जणांचे पेपर काढले. तपासलेलेच पेपर होते ते, प्रत्येकावर माझी लाल सही होती. पण शेवटच्या ओळीच्या वरचं मी पहिल्यांदा वाचत होतो. एकानं लिहिलं होतं: उग्र वास आला. दुसऱ्यानं: उग्र वास, लाल लिटमस निळा. तिसरा: ॲसिडमध्ये बुडवलेली काचेची कांडी जवळ नेल्यावर दाट पांढरा धूर. चौथ्यानं तर वासानं डोळ्यांत पाणी आल्याचं लिहिलं होतं. दहाच्या दहा पेपरांत वास होता. जो वास त्या खोलीत कुणालाही येणं शक्य नव्हतं, त्याला मी दहा जणांना पंधरापैकी तेरा-चौदा गुण दिले होते. आणि ज्या एका मुलीनं डोळ्यांना दिसलं ते लिहिलं, तिला शून्य. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते आणखी काय असतं!

"पद्मिनी, तू घरी जा आता. उद्या बोलू."

"सर, नापास का पास?"

"उद्या," मी म्हणालो. त्या क्षणी मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

ती गेल्यावर मी शिदूमामांना हाक मारली. मामा आमचे प्रयोगशाळा परिचर. पांढरी टोपी, खाकी सदरा, बावीस वर्षांची नोकरी झालेली, दोन राहिलेली. कोणतं रसायन सांडलं तर काय करायचं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळायचं. ते आले, टेबलावरच्या नळ्या बघितल्या आणि दारातच थांबले.

"मामा, परवाच्या पुड्या तुम्ही बांधल्या."

"व्हय सर. तुमी वरच्या मजल्यावर पेपरला होता. चिठ्ठी दिली, अमोनियम क्लोराइड बांधा म्हणून. वाचून दाखवली तुमीच."

"कुठल्या बाटलीतून घेतलं?"

"नवसागराच्या." अमोनियम क्लोराइडला मामा जुन्या नावानं नवसागर म्हणायचे. भांड्यांना कल्हई करणाऱ्या त्यांच्या चुलत्याच्या हाताखाली त्यांनी तो लहानपणापासून बघितलेला.

"दाखवा बरं."

मामा कपाटापाशी गेले, खाली वाकले आणि खालच्या कप्प्यातली उजव्या कोपऱ्यातली शेवटची बाटली काढून माझ्यापुढे धरली. ॲसिडच्या वाफांनी चिठ्ठी निम्मी खाल्लेली, तरी अक्षरं वाचता येत होती. झिंक सल्फेट.

"मामा, ह्याच्यावर काय लिहिलंय?"

मामांनी बाटलीकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

"नवसागर बावीस वरसं त्याच कोपऱ्यात असतो सर. सारखा लागतो, म्हणून हाताशी. तुमी फेब्रुवारीत समदं कपाट एबीसीडीनं लावलं. लई बेस दिसाय लागलं. समदे बघून गेले. मला म्हणाला, मामा आता सोपं झालं. मी म्हणलं, बरं सर."

एबीसीडीनं लावलं की झेड शेवटी येतो. खालच्या कप्प्यात, उजव्या कोपऱ्यात. मामांना इंग्रजी वाचता येतं की नाही, हे मी तीन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. आणि एवढ्या नव्या, तडफदार सरांना 'मला इंग्रजी वाचता येत नाही' असं त्या वयाच्या माणसानं कसं सांगावं?

मला शरमल्यासारखं झालं. पण कोडं अजून सुटलं नव्हतं.

"बाटली चुकली ते समजलं. पण दहा पोरांनी नवसागर लिहिलं कसं? पुडीत नव्हताच की तो."

 मामांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

"मी नाक खाजवलं सर."

"म्हणजे?"

"नवसागर असला की नाक खाजवायचं. शिसं असलं की कानाची पाळी धरायची. बेरियमला गुंडीला हात लावायचा. माझ्या आधीच्या मामांपास्नं चालत आलंय. पोरं वळखून हायत. पैसा न्हाई घेत मी कुणाचा, आईशप्पत. गरिबाची पोरं, एका नावासाठी वरीस कशाला जावं?"

मी चिडलो. तीन वर्षं माझ्या नाकाखाली ह्यांनी नाकं खाजवली आणि मला पत्ता नाही! आवाज चढवून बोललो: ही फसवणूक आहे, मुलांचं नुकसान आहे, ह्या मुलांना पुढे परीक्षानळीचं तोंडसुद्धा कुठल्या बाजूला असतं ते कळणार नाही.

मामांनी सगळं ऐकून घेतलं.

"खरं हाय सर," ते म्हणाले. "पर तुमी मार्क कशाला देता? नावाला. मंग मी बी नावच देतो. पोरगं तासभर खपतंय का नुसतं पंख्याखाली बसतंय, ते तुमी कुठं बघता? बघायला लागलासा तर माझं नाक काय कामाचं?"

आजवर मला कुणी एवढी स्वच्छ चपराक मारलेली नाही, आणि तीही इतक्या अदबीनं. मी खुर्चीत बसलो. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी मुलांना म्हणत होतो. इथं अंगण मीच वाकडं बांधलं होतं.

मामा गेल्यावर मी पद्मिनीची जर्नल काढली. तिला चारपैकी दोन गुण दिले होते, खाडाखोडीबद्दल. आता ती खाडाखोड वाचायला घेतली. प्रत्येक खोडलेल्या ओळीखाली आधीचं अक्षर पुसट दिसत होतं. 'रंग बदलला नाही.' खोडलेलं, वर लिहिलं: रंग निळा झाला. 'थोडाच बुडबुडा आला.' खोडलेलं, वर: जोरात बुडबुडे. आणि शेजारी समासात लाल शाईनं, माझ्याच अक्षरात, प्रत्येक ठिकाणी एकच शेरा: तक्त्याप्रमाणे लिहा. असे नऊ शेरे मोजले. तेव्हा ती माझ्यापाशी येऊन म्हणायची, "सर, मला तसं दिसलं न्हाई," आणि मी म्हणायचो, "तुला काय दिसलं ते कुणी विचारलंय?" मला आठवत होतं. माझ्या बाटलीतलं रसायनच जुनं झालंय, म्हणून रंग येत नसेल, हे तेव्हा माझ्या मनात एकदाही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबर सरांसमोर उभा राहिलो. पुड्यांची गोष्ट सांगितली. बाटली मी हलवली, मामांना दाखवून दिलं नाही, चूक माझी. नाक खाजवण्याचं सांगितलं नाही. ह्याचा मला आजही ना अभिमान ना पश्चात्ताप. मामांची दोन वर्षं राहिली होती, एवढंच.

बाबर सरांनी चष्मा काढला. "बाटली बदलली ते कळलं. पण खटावकर, दहा जणांनी न आलेला वास एकसारखा कसा लिहिला?"

मी अकराही जर्नल त्यांच्यासमोर ठेवल्या. "मी त्यांना तो लिहायला शिकवला, सर. ही नवसागराच्या प्रयोगाची सतरा नंबरची पानं बघा. अकरा जर्नल, अकरा वास, एकच वाक्य. माझं. फळ्यावरून उतरलेलं."

त्यांनी तीन-चार जर्नल उलटल्या. इतिहासाचा माणूस, कागद कसा वाचायचा ते त्यांना कळत होतं. पद्मिनीच्या वहीशी ते थांबले, माझे लाल शेरे वाचले. 

"ठीक. ह्या बॅचची परीक्षा रद्द. उद्या परत घ्या. अकराही जणांची."

"जावीरचं बरोबर आहे सर. तिची कशाला?"

"एकाच बॅचमधल्या एकीचा निकाल ठेवून दहा जणांचा रद्द केला तर उद्या दहा पालक माझ्या दारात येतील. सगळ्यांची म्हणजे सगळ्यांची. आणि अटीचा कागद माझ्याकडे तसाच आहे."

"मग उद्या नको. दोन आठवडे द्या."

"कशाला?"

"उद्या घेतली तर मी त्यांना न शिकवलेलं विचारीन. मी त्यांना बघायला शिकवलंच नाही सर, उतरवायला शिकवलंय. आधी शिकवतो, मग तेच विचारतो."

"मग वर्षभर काय शिकवलंत म्हणायचं?" बाबर सर शांतपणे म्हणाले.

 त्यांनी कॅलेंडर बघितलं. "एक मेला निकाल. पंचवीस तारखेपर्यंत घ्या. आणि लेखी खुलासा द्या."

ते दोन आठवडे मला आयुष्यातल्या इतर वर्षांपेक्षा जास्त लख्ख आठवतात. पहिल्या दिवशी अकरा जण आले, मी फळा कोरा ठेवला. एक मुलगा, दत्ता पुकळे, वही उघडून म्हणाला, "सर, तक्ता?" मी म्हटलं, तक्ता नाही. नळीत काय दिसतं ते सांग. तो म्हणाला, "काय दिसायला पाहिजे सर?" वर्गात कुणी हसलं नाही. सगळ्यांना तोच प्रश्न होता.

मी गुणांची नवी पद्धत फळ्यावर लिहिली. नावाला तीन. बाकी बारा: काय केलं, खरोखर काय दिसलं, त्यावरून तू काय ठरवलंस. आणि खाली एक ओळ: दिसलं नाही तर 'दिसलं नाही' लिहा, गुण मिळतील.

"दिसलं न्हाई लिहिलं तरी मार्क?" दत्तानं परत विचारलं.

"खरं असेल तर."

हळूहळू गंमत यायला लागली. मी शिळी रसायनं मुद्दाम ठेवायचो. काही पुड्यांत साखर बांधली. एके दिवशी दोघं हमरीतुमरीवर आले, एकाला साका पांढरा दिसत होता, दुसऱ्याला पिवळसर. पूर्वी मी फळ्याकडे बोट दाखवून भांडण मिटवलं असतं. त्या दिवशी म्हटलं, परत करून बघा. दोघांनी चारदा केलं. दुसऱ्याची नळीच नीट धुतलेली नव्हती. शिदूमामा दारात उभं राहून बघायचे आणि मध्येच कुणाला तरी सांगायचे, "आरं, नळीचं त्वांड आपल्याकडं न्हाई धरायचं, शेजाऱ्याकडं बी न्हाई." मी त्यांना संध्याकाळी इंग्रजी अक्षरं शिकवतो म्हणालो. ते म्हणाले, त्यापेक्षा बाटल्यांवर मराठीत चिठ्ठ्या लावा. मी लावल्या.

पंचवीस तारखेला परीक्षा. पुड्या बाबर सरांनी बांधल्या, बाटल्यांवर बोट ठेवत, मोठ्या कुतूहलानं. कुठल्या पुडीत काय आहे, ते मलाही माहीत नव्हतं. मामा म्हणाले, "मी भाईर बसतो सर. माझ्याकडं कुणी बघाय नगं," आणि व्हरांड्यातल्या बाकावर पाठ करून बसले.

मी लांबून पद्मिनीकडे लक्ष ठेवून होतो. पहिला अर्धा तास ठीक गेला. मग ती अडकली. एकच कसोटी तिनं चार वेळा केली, नळी उजेडात धरली, मान हलवली, परत धुतली. वेळ संपत आला तरी तिच्या पेपरची शेवटची ओळ कोरीच होती.  बरोबर उत्तर देऊन जी नापास झाली होती, ती आता माझ्याच न्यायाच्या हौसेपायी खरोखर नापास होणार होती. घंटा झाली तेव्हा तिनं शेवटच्या ओळीत काहीतरी लिहिलं आणि पेपर दिला.

मी तिथेच उभ्यानं वाचला. अर्धा भाग तिनं शोधला होता: ॲल्युमिनियम. दुसऱ्या अर्ध्यापुढे लिहिलं होतं: 'चार वेळा बघितलं. कधी साका दिसतो, कधी दिसत नाही. नक्की सांगता येत नाही.' वर प्रत्येक वेळचं निरीक्षण वेगवेगळं मांडलेलं होतं. मी ती पुडी तपासली तेव्हा कळलं, बाबर सरांनी दोन बाटल्यांतलं थोडं थोडं एकत्र केलं होतं. चमचा पुसायचा असतो, हे इतिहासात शिकवत नाहीत.

नावाचे तिला दीड गुण दिले. निरीक्षणांचे बारापैकी अकरा. एकूण साडेवीस. ती पास झाली. बाकीच्या दहांतले आठ पास झाले, आणि जे दोघं झाले नाहीत त्यांच्या पेपरांतही खोटा वास नव्हता. त्यांना मी मे महिनाभर रोज बोलावलं आणि जूनमध्ये परत बसवलं. बाबर सरांनी अटीचा तो कागद एक मेला झेंडावंदन झाल्यावर माझ्यासमोर काढला, त्यावर 'अट पूर्ण' असं लिहून सही केली आणि परत कपाटात ठेवला. फाडला मात्र नाही.

पद्मिनी निकाल घेऊन प्रयोगशाळेत आली. पेढे वगैरे काही नव्हतं. तिला त्या दोन बाटल्यांची भेसळ बघायची होती. मी दाखवली. ती खूश झाली. म्हणजे आपल्याला साका मधूनच दिसत होता, तो भास नव्हता, ह्याचाच तिला आनंद. मी तिच्याकडे बघत होतो आणि तीन आठवडे मनात खुपणारी एक गोष्ट मला विचारावीशी वाटली.

"पद्मिनी, पहिल्या परीक्षेला मामांनी सगळ्यांना खूण केली होती, हे मला माहीत आहे. घाबरू नको, मी कुणाला सांगितलेलं नाही. तुला ती दिसली नाही का? तुझं लक्ष नव्हतं?"

ती थोडी ओशाळली.

"लक्ष होतं की सर. मामांनी माझ्यासमोर येऊन दोनदा केली. अमोनियम क्लोराइड, मला कळलं होतं."

"कळलं होतं?"

"हो."

"आणि ते लिहिलं की पास, नाही लिहिलं की आर्ट्स, हेही माहीत होतं?"

"हो सर."

"मग लिहिलं का नाहीस?"

तिनं माझ्याकडे जरा नवलानंच बघितलं, जणू इतक्या शिकलेल्या माणसानं हे काय विचारावं.

"वास आला न्हाई ना सर," ती म्हणाली.